शेजारच्या धडधाकट मुलाची साक्ष

वरठी हे गाव बाहेरच्यांना नावाने नाही, स्टेशनमुळे माहीत असते. हावडा-मुंबई मार्गावर नागपूरच्या पूर्वेला ‘भंडारा रोड’ स्टेशन लागते, ते वरठीतच आहे. भंडारा शहर तिथून दहाएक किलोमीटरवर. स्टेशन, सनफ्लॅगचा पोलाद कारखाना, कामधंद्यासाठी ठिकठिकाणाहून आलेली बिऱ्हाडे आणि भोवती मोहाडी तालुक्यातल्या धानाच्या बांध्या. मृग-आर्द्राचे पाणी पडून रोवणीची लगबग सुरू झाली, की या भागातल्या घरांत एक वाक्य हटकून कानावर येते : ‘पोराला हगवण लागली.’ मग निदानही घरातच होते. दात येताहेत. नजर लागली. आईने काही बाधक खाल्ले. यातले दातांचे निदान सगळ्यांत चिवट, शिकलेल्या घरांतही टिकून आहे. त्याला कारणही आहे. मूल आठ-दहा महिन्यांचे होते तेव्हा दात येतात, तेव्हाच ते रांगू लागते, जमिनीवरचे हाती लागेल ते तोंडात घालते आणि तेव्हाच आईच्या दुधाला वरच्या अन्नाची व वरच्या पाण्याची जोड मिळते. दोष पाण्याचा, आळ दातांवर.

दवाखान्यात नेल्यावर ‘इन्फेक्शन आहे’ एवढे कळते. कसले इन्फेक्शन, हे आईबाप विचारत नाहीत आणि डॉक्टर सांगत नाहीत. यात कुणाची कुचराई नाही. बहुतेक जुलाबांत मूल वाचवायला जंतूचे नाव लागत नाही. अंगातून गेलेले पाणी आणि क्षार परत भरले की मूल तरते. पण ज्याला लस बनवायची आहे, कुठल्या औषधावर पैसा खर्च करायचा ते ठरवायचे आहे, त्याला नाव लागतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी पाच वर्षांखालची सुमारे ४ लाख ४४ हजार मुले जुलाबाने दगावतात. त्यामागे नेमके कोण, हे शोधताना विज्ञान शंभराहून अधिक वर्षे एकाच पेचात अडकले. आजारी मुलाच्या शौचात जंतू सापडणे वेगळे आणि त्या जंतूने आजार केलेला असणे वेगळे. बाजाराच्या दिवशी चोरी झाली आणि पोलिसांनी त्या वेळी बाजारात दिसलेल्या प्रत्येकाला चोर ठरवले, तर जे होईल ते जुलाबाच्या संशोधनात बराच काळ होत राहिले.

सुरुवात १८८५ सालची, म्युनिकमधली. थिओडोर एशेरिख हा तरुण बालरोगतज्ज्ञ तान्ह्या बाळांचे शौच सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होता. जन्मल्यानंतरच्या पहिल्या काळ्या शीत त्याला जंतू दिसेनात; काही तासांतच मात्र ते हजर होत. त्यांत भराभर वाढणारा, आखूड काडीसारखा एक जीवाणू त्याने वेगळा केला आणि त्याला ‘बॅक्टेरियम कोलाय कम्यून’ असे नाव दिले. पुढे १९१९ मध्ये एशेरिखच्याच नावावरून त्याचे एशेरिखिया कोलाय झाले. आज त्याला ई. कोलाय म्हणतात. घोटाळा असा, की हा जीवाणू आजारी बाळांत होता आणि चांगल्या, गुटगुटीत बाळांतही होता. तेव्हा तो निरुपद्रवी धरला गेला. १८९७ मध्ये जपानच्या कियोशी शिगाने आव-रक्ताच्या साथीत त्या आजाराचा जीवाणू पकडला, त्याचे नाव शिगेला पडले. इथे काम सोपे होते, कारण शिगेला निरोगी माणसात सहसा नसतो. ई. कोलाय मात्र जिथे तिथे.

हा घोटाळा प्रयोगशाळेतल्या बशीवर आजही डोळ्यांनी पाहता येतो. शौचाचा नमुना कॅरी-ब्लेअर नावाच्या अर्धवट घट्ट माध्यमात खुपसून लॅबमध्ये येतो. टेक्निशियन तारेच्या लूपने मॅकॉन्की अगारच्या बशीवर रेघोट्या ओढतो आणि बशी ३७ अंशांवर रात्रभर ठेवतो. सकाळी तिच्यावर टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके उठलेले असतात. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणाऱ्या जीवाणूंचे ठिपके गुलाबी होतात आणि न पचवणाऱ्यांचे फिक्कट राहतात. ई. कोलाय गुलाबी; शिगेला आणि साल्मोनेला फिक्कट. टेक्निशियन फिक्कट ठिपका शोधतो, तो नसेल तर रिपोर्टवर ‘रोगकारक जीवाणू आढळला नाही’ असे लिहिले जाते. पण त्याच बशीवरच्या शेकडो गुलाबी ठिपक्यांत एखादा ई. कोलाय मुलाचे अंग कोरडे पाडणारा असू शकतो. रंगरूपाने तो आपल्या साळसूद भावंडांसारखाच दिसतो.

१९४५ मध्ये लंडनजवळच्या हिलिंग्डन इस्पितळात जॉन ब्रे या डॉक्टरने यातून पहिली वाट काढली. उन्हाळी जुलाबाने तान्ही मुले मरत होती. त्याने आजारी मुलांबरोबर जुलाब नसलेल्या मुलांचेही नमुने घेतले. ई. कोलायची एक विशिष्ट जात जवळजवळ सगळ्या आजारी मुलांत मिळाली, बाकीच्यांत क्वचितच. एका वाक्यात सांगण्याजोगी गोष्ट, पण पुढचे सगळे शहाणपण तिच्यात आहे : आजाऱ्याचा नमुना एकटा काहीच सांगत नाही, त्याच्या जोडीला धडधाकट मुलाचा लागतो.

दुसरी वाट कोलकात्यात सापडली. डॉ. शंभूनाथ डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला, त्यात पटकीचे जीवाणू टोचले आणि दुसऱ्या दिवशी पाहिले, तर तो तुकडा पाण्याने टम्म फुगलेला होता. १९५६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जुलाबाच्या रोग्यांतले ई. कोलाय याच पद्धतीने तपासले. त्यांतल्या काहींनी आतडे तसेच फुगवले. १९५९ मध्ये त्यांनी जीवाणू गाळून टाकले, उरलेले निव्वळ पाणी टोचले, तरी आतडे फुगले. म्हणजे काम जीवाणूने सोडलेल्या विषाचे होते. साधी साधने आणि एवढा मोठा शोध. हयातीत डे यांना आपल्याकडे त्या मानाने काहीच मान मिळाला नाही, हे नोंदवून ठेवायला हवे.

अशा विषारी ई. कोलायला आता ‘ईटेक’ म्हणतात. त्याची दोन विषे आहेत. एक पटकीच्या विषाचे नातेवाईक, उष्णतेने नाश पावणारे. दुसरे अगदी छोटे, उकळत्या पाण्यातही टिकणारे. दोन्ही आतड्याच्या पेशींना क्षार बाहेर टाकायला लावतात, क्षारांमागोमाग पाणी येते. पेशी मरत नाहीत, फाटत नाहीत. म्हणूनच शौचात रक्त नसते, नुसते तांदळाच्या धुवणासारखे पाणी. आणि म्हणूनच साखर-मिठाचे पाणी चालते. ग्लुकोज आणि सोडियम यांना एकत्र आत ओढणारे पेशीवरचे दार विषाने बंद होत नाही. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बोनगावच्या निर्वासित छावण्यांत सलाइन संपल्यावर डॉ. दिलीप महालनोबिस यांनी याच दारावर भरवसा ठेवून हजारो माणसे वाचवली. शिगेलाची तऱ्हा वेगळी. तो पेशीत घुसतो, आतड्याचे अस्तर कुरतडतो, म्हणून आव आणि रक्त. पोटात जायला त्याचे दहा ते शंभर जीवाणूही पुरतात. इतक्या थोड्यांसाठी दूषित पाण्याचीही गरज नाही, न धुतलेले बोट पुरे.

आता मोठी तपासणी. २००७ ते २०११ या काळात आफ्रिका आणि आशियातल्या सात ठिकाणी एकाच पद्धतीने अभ्यास झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘जेम्स’ म्हणतात. भारतातून कोलकाता होते; बाकी बांगलादेशातले मिर्झापूर, पाकिस्तानातले कराची, आणि गाम्बिया, माली, मोझांबिक, केनिया. मध्यम ते तीव्र जुलाबाची ९,४३९ मुले घेतली. प्रत्येक आजारी मुलामागे त्याच वयाची, त्याच वस्तीतली, जुलाब नसलेली एक ते तीन मुले गाठायची आणि तीही चौदा दिवसांच्या आत. अशी निरोगी मुले १३,१२९ झाली. हे काम किती जिकिरीचे असेल याची कल्पना करून पाहा. आजारी मुलाची आई नमुना देते, तिला गरज आहे. पण शेजारणीच्या दारात जाऊन ‘तुमचं लेकरू बरं आहे ना, मग त्याची शी द्या’ म्हणायचे, तेही डबीत! वरठीच्या कुठल्याही गल्लीत आशाताईला हे सांगून पाहावे, ती आधी हसेल.

पण या शेजारच्या मुलांनीच खरी साक्ष दिली. आजारी मुलांपैकी ८३ टक्के मुलांत एक ना एक रोगजंतू सापडला. निरोगी मुलांत? ७२ टक्के. म्हणजे या वस्त्यांत वाढणाऱ्या चार मुलांतली जवळजवळ तीन मुले रोगजंतू पोटात घेऊन खेळत होती. नुसत्या आजारी मुलांचे नमुने घेतले असते तर डझनावारी जंतूंवर आळ आला असता. निरोगींचा हिशेब वजा केल्यावर गुन्हेगार थोडेच उरले : रोटाव्हायरस, क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशी परजीवी, उकळूनही टिकणारे विष बनवणारा ईटेक, आणि शिगेला. जिआर्डिया तर एक वर्षावरच्या मुलांत आजाऱ्यांपेक्षा निरोगींत जास्त आढळला. आपल्याकडे ‘पोटात जंतू आहेत’ म्हणून कित्येक मुलांना जी सिरपे पाजली जातात, त्यांचा विचार करताना हा निष्कर्ष आठवावा.

२०१६ मध्ये याच साठवलेल्या नमुन्यांतले बरेचसे पुन्हा तपासले गेले, या वेळी जंतूंचा डीएनए मोजून. प्रश्न बदलला होता. जंतू आहे की नाही, याऐवजी किती आहे, हे विचारले गेले. थोडा शिगेला घेऊन मूल बरे राहू शकते. खूप झाला की सुटका नाही. असे मोजल्यावर जवळजवळ ९० टक्के जुलाबांना कारण लावता आले आणि शिगेलाचा वाटा पूर्वीच्या अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला. बशीवर तो उगवतच नव्हता, इतकेच. नमुना थोडा वेळ बाहेर राहिला तरी शिगेला मरतो, हे सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. जून महिन्यात गावातून जिल्ह्याला पोचेपर्यंत त्याचे काय होत असेल ते सांगायला नको.

इथवर शोध ओळखीच्या संशयितांचाच होता. यादीत जे नाव नाही ते सापडणार कसे? त्यासाठी आतड्यातली सगळी वस्तीच मोजावी लागते. प्रत्येक जीवाणूत १६एस नावाचे एक जनुक असते, सुमारे पंधराशे अक्षरांचे. त्याचे काही भाग सगळ्यांत सारखे, काही भाग जातीगणिक वेगळे. ते वाचले की जीवाणू बशीवर न वाढवताही वस्तीत कोण कोण आहे हे कळते. मेरीलंड विद्यापीठातल्या मिहाई पॉप आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘जेम्स’मधल्याच ९९२ मुलांचे नमुने असे वाचले, मुले गाम्बिया, माली, केनिया आणि बांगलादेशातली. जुलाब झालेल्या मुलांत वस्तीतले वैविध्य घटलेले होते. एशेरिखिया-शिगेला गट वाढलेला, हे अपेक्षितच. पण त्यांच्याबरोबर स्ट्रेप्टोकोकसच्या काही जाती आणि ग्रॅन्युलिकॅटेला हे जीवाणूही वाढलेले दिसले, ज्यांना जुलाबाशी कुणी फारसे जोडले नव्हते. निरोगी मुलांत प्रिव्होटेला जास्त होता. लॅक्टोबॅसिलस रुमिनिस हाही चांगल्या बाजूला.

वर्तमानपत्री मथळा असा होईल : ‘जुलाबाचे नवे जीवाणू सापडले.’ मी इतक्यात तसे म्हणणार नाही. स्ट्रेप्टोकोकसच्या त्या जाती आणि ग्रॅन्युलिकॅटेला हे मुळात तोंडातले रहिवासी. जुलाबात सगळे भराभर वाहून जाते, मोठ्या आतड्यातली प्राणवायू न सोसणारी वस्ती उजाड होते, तेव्हा तोंडातून खाली आलेली ही मंडळी नुसती जास्त दिसू लागली असतील. ती आजारामुळे वाढली की त्यांनी आजार वाढवला, हे एका नमुन्यावरून ठरत नाही. मूल आजारी पडण्यापूर्वी, आजारात आणि नंतर, असे तिन्ही वेळचे नमुने हवेत. शिवाय १६एस जनुकाची एक मर्यादा आहे : त्यावरून ई. कोलाय आणि शिगेला वेगळे ओळखताच येत नाहीत, कारण वंशाने शिगेला म्हणजे ई. कोलायच आहे. सव्वाशे वर्षांनंतर आपण पुन्हा एशेरिखच्या बशीपाशी! तरीही या अभ्यासाने विचाराची दिशा बदलली. जुलाब म्हणजे एकाच घुसखोराचा हल्ला नव्हे, आतड्यातली राखणदार वस्ती किती मजबूत आहे यावरही तो ठरतो. त्याच वर्षी ढाक्यातल्या पटकीच्या रोग्यांवरच्या अभ्यासात रुमिनोकोकस ओबियम हा आतड्यातला साधा रहिवासी पटकीच्या जीवाणूला आवर घालतो असे दिसून आले.

या राखणदारांची ओळख पटवायचे काम महाराष्ट्रातही चालते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी एकत्र कुटुंबातल्या तीन पिढ्यांचे आतड्यातले जीवाणू ताडून पाहिले. घर एक, चूल एक, वय तेवढे वेगळे. अशी सोय पाश्चात्त्य संशोधकाला सहजी मिळत नाही. याच केंद्राच्या नंतरच्या अभ्यासात भारतीय आतड्यांत प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे जीवाणू जास्त असल्याचे दिसले. भात-डाळ-भाजीवर वाढलेल्या मुलाचे ‘निरोगी’ म्हणजे काय, हे अमेरिकेच्या मापाने ठरवून चालणार नाही, हे यातून कळते. रोटाव्हायरसच्या बाबतीत तर शोधाचे फळ हातात आले. दिल्लीत नवजात बाळांत सापडलेल्या विषाणूपासून रोटाव्हॅक लस झाली, तिच्या चाचणीत दिल्ली आणि वेल्लोरबरोबर पुण्याजवळचे वढूही होते. तीव्र रोटाव्हायरस जुलाब या लसीने निम्म्याहून अधिक टळतात. २०१९ पासून महाराष्ट्रात रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात आहे. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना ती तोंडावाटे पाजतात. शिगेला आणि ईटेकवर मुलांसाठी अशी लस अजून नाही.

त्यांचा बंदोबस्त पाण्यात आणि हातांवर करावा लागतो. भंडारा तलावांचा जिल्हा, वैनगंगेचा जिल्हा. आणि नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे याच वैनगंगेत येते, ही इथली जुनी तक्रार. गावपातळीवरची साधने मात्र साधी आहेत. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो आणि नळाच्या पाण्याची ओटी चाचणी करतो. पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन आहे. वर्षातून दोनदा पाहणी होऊन पंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. घरगुती विहिरीसाठी नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने दोन मडक्यांची युक्ती काढली : एकात एक बसणारी, भोक पाडलेली दोन मडकी, आतल्यात एक किलो ब्लीचिंग पावडर आणि दोन किलो जाड रेती ओली कालवून भरायची, तोंड बांधायचे आणि मडके पाण्यात सोडायचे. दोन-तीन आठवडे क्लोरीन हळूहळू झिरपत राहतो. पाणी पिण्याजोगे आहे की नाही हे ठरवताना १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय शून्य हवा, असा भारतीय मानकांचा दंडक आहे. एशेरिखचा साळसूद जीवाणू इथे खबऱ्याचे काम करतो. तो पाण्यात सापडला याचा अर्थ कुणाची तरी विष्ठा त्या पाण्यात उतरली आहे.

उपचारांबद्दलही दोन शब्द. ओआरएस आणि झिंक ही जोडी ठरलेली आहे. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम झिंक, लहानाला १०, चौदा दिवस. नागपुरात अर्चना पटेल आणि सहकाऱ्यांनी आठशेहून अधिक मुलांवर केलेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीव्र जुलाबात झिंकचा अपेक्षित फायदा दिसला नाही. इतर अनेक ठिकाणी तो दिसला आहे, म्हणून शिफारस कायम आहे आणि आपणही ती पाळावी. पण एकच औषध एका ठिकाणी लागू पडते आणि दुसरीकडे नाही, तेव्हा दोन्हीकडचा जंतू वेगळा असेल का, मुलांच्या आतड्यातली वस्ती वेगळी असेल का, हे विचारावे लागते. अँटिबायोटिक मात्र शौचात रक्त असेल किंवा पटकीचा संशय असेल तरच, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेली बाटली राखणदार वस्तीच आधी मारते. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, पाणी पोटात ठरेना, शौचात रक्त दिसले, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. वाटेत ओआरएस आणि आईचे दूध चालू ठेवावे.

‘जेम्स’च्या सात ठिकाणांत विदर्भ नव्हता. इथल्या मुलांत कोणता जंतू किती त्रास देतो, हे कोलकात्याच्या आकड्यांवरून अदमासाने धरावे लागते. तो अदमास मोडायला कधीतरी कुणीतरी डबी घेऊन तुमच्या दारात येईल आणि तुमच्या खेळत्या-बागडत्या, काहीही न झालेल्या मुलाचा नमुना मागेल. तेव्हा हसा हवे तर, नीट विचारपूस करा, संमतीचा कागद वाचून घ्या. पण नमुना द्या.